बातमी आणि बंदिवास

हेर म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे वेषांतर, गुप्त दरवाजे आणि कमरेला दडविलेली कट्यार उभी राहते. अशा गोष्टींची पुस्तके आवडीने वाचली जातात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु युद्धातील बातमीदारी व युद्धकैद्यांचे जीवन यांचे खरे स्वरूप निराळ्याच पुस्तकांत आढळते. बुलढाणा जिल्ह्यातील शाळांच्या कपाटांत अशा पुस्तकांना आधी जागा मिळावयास हवी.

जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. तेथून जवळच असलेली जालन्याची श्रीमंत पेठ शिवाजी महाराजांनी १६७९ साली लुटली. परतताना मोगल फौजेने मराठ्यांना गाठले. तेव्हा बहिर्जी या हेराने तीन दिवस व तीन रात्री आडवाटेने नेऊन सैन्यास पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. ही हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. बहिर्जीच्या वेषांतराच्या सुरस कथा पुष्कळ सांगतात. बखरीतील बहिर्जीचा मोठेपणा मात्र वाट पक्की ठाऊक असण्यात आहे. बखरीची भाषा जुनी, तेव्हा ती शिक्षकांसमवेत वाचावी.

बातमी कच्ची असली म्हणजे काय होते, हे दुसऱ्या पुस्तकात दिसते. फेथ जॉन्स्टन यांचे 'फोर माइल्स टु फ्रीडम' हे इंग्रजी पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. १९७१ च्या युद्धात वैमानिक दिलीप परुळकर यांचे विमान पाडले गेले व ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री ते, ग्रेवाल व हरीश सिंहजी असे तिघे भिंतीला भोक पाडून निसटले. बसने पेशावर आणि तेथून खैबर खिंडीतील लंडी कोतल त्यांनी गाठले. अफगाण सरहद्द अवघी काही मैल उरली होती. नकाशात पुढचे स्थानक लंडी खाना असे होते, म्हणून त्यांनी तेथे जाण्याची चौकशी केली. पण ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते! बंद स्थानकाची वाट विचारणारे हे परके कोण, असा संशय आला आणि तिघे पकडले गेले.

येथून पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. साध्या वेषात सापडलेल्या सैनिकास शत्रू हेर समजतो, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये युद्धकैद्यास जे संरक्षण मिळते ते हेरास मिळत नाही. युद्धकैद्याने आपले नाव, हुद्दा, क्रमांक व जन्मतारीख एवढेच सांगावयाचे असते. पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याला भारी शिक्षा करता येत नाही. त्या तिघांनी, आपण युद्धकैदी आहोत, हे छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांच्याकडून दूरध्वनीवर वदवून घेतले. शत्रुपक्षाच्या त्या अधिकाऱ्याचा शब्द त्यांच्या कामी आला. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा येथून मायदेशी परतले.

केवळ आपल्याच बाजूचे शौर्य सांगणाऱ्या पुस्तकात उस्मान हमीद भेटत नाहीत. म्हणून हे पुस्तक अधिक मोलाचे. इंग्रजी अवघड वाटल्यास शिक्षकांनी रोज एक प्रकरण मराठीत सांगावे, आणि शेजारी खैबर खिंडीचा नकाशा उघडा ठेवावा. तो जुना मात्र नसावा.