जाऊ देणं

चार वर्षांपूर्वीची भाऊबीज. बदलापूरला ताईकडे ओवाळणी झाली, जेवणं झाली. भावोजी बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. ताई ओट्यापाशी उभी राहून माझ्यासाठी चकल्यांचा डबा भरत होती, तेवढ्यात भाचा म्हणाला, "आई, मी कार्तिकीला आळंदीला जातोय. आणि तिथंच राहायचं म्हणतोय."

ताईला आधी कळलंच नाही. "किती दिवस?" तिनं विचारलं.

"तसं नाही गं. कीर्तन शिकायचंय. मग तेच करायचं. नोकरी सोडतोय."

ताईनं डब्याचं झाकण लावलं होतं. ते बसलेलं असूनही ती तळव्यानं दाबतच राहिली. आतल्या चकल्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात बोलणारा माणूस मी, तेव्हा बोलायचं मलाच होतं.

अर्धा-पाऊण तास मी बोललो. भाचा सव्वीस वर्षांचा, ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला, घराच्या कर्जावर भावोजींच्या जोडीला त्याचं नाव. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. हे सगळं मी मांडलंच. शेवटी माझ्या मते बिनतोड असा मुद्दाही टाकला. म्हटलं, "अरे, देवाचं करायला घर सोडावं लागत नाही. तुकोबा संसारातच होते ना?" त्यावर तो काही बोलला नाही. सकाळी सातच्या आत नेहमीची लोकल धरून कामावर गेला, आणि आळंदीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'वाहून घेणं' हा विषय मी आग्रहानं ठरवला.

आजचा समाज चंगळवादी झाला, आपापल्यापुरता झाला, असं म्हणायची एक रीत पडली आहे. आपल्या या पट्ट्यात मला ते इतक्या सहज म्हणवत नाही. बदलापूरहून मुंबईला जाणारा माणूस दीड तास उभ्यानं जातो आणि दीड तास उभ्यानं येतो. त्याच्या घरातला एसी नि हॉलमधला सोफा ही चैन असेलही, पण तिची किंमत त्यानं अंगानं मोजलेली असते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो कधी रीतसर मिटलाच नाही, आणि गिरणगावातली कितीतरी घरं खोल्या विकून कल्याणच्या पुढे सरकली. ताईचे सासरे त्यांतलेच. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून ते बदलापूरला आले तेव्हा स्टेशनबाहेर भातशेती होती.

उल्हासनगरची कहाणी तर याहून कठीण. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेला कल्याणचा कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना राहायला दिला गेला. बराकींमधून गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबानं आपली जागा आखली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथं कोनशिला बसवली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हैदराबाद-सक्करकडे वाडे सोडून आलेल्या बायकांनी पापड लाटले, पोरांनी लोकलमधून गोळ्या-बिस्किटं विकली. आज त्याच कॅम्पातल्या बाजारात दिवाळीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते.

म्हणजे या भागातलं सुख हेच मुळी कुणाच्या तरी त्यागातून आलेलं आहे. आणि अडतं ते नेमकं इथं. बापानं ज्याच्यासाठी तीस वर्षं लोकलच्या दांडीला लटकून काढली, तेच सुख मुलगा शांतपणे बाजूला ठेवतो, तेव्हा बापाला ते वैराग्य नाही वाटत. त्याला वाटतं, आपलं सगळं आयुष्य यानं नाकारलं. त्या रात्री भावोजी बाल्कनीतून आत आले नाहीत. ते रागावलेत असं मला वाटलं होतं. त्यांचा अपमान झाला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

द्यायची वृत्ती आटली, असंही कुणी म्हणू नये. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. सुमारे १०५० प्रवासी होते. एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या बोटी आल्या, तशी आसपासच्या गावांतली माणसंही पाण्यातून वाट काढत चहा-बिस्किटं घेऊन आली. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनात एका अंध आईचा हात सुटून मूल रुळांवर पडलं. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके त्या मुलाकडे धावले. त्यांनी मुलाला फलाटावर ढकललं आणि स्वतःही वर उडी घेतली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. रेल्वेनं दिलेल्या पन्नास हजारांच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली, त्याचं मोल मला त्या उडीपेक्षा कमी वाटत नाही. उडी घेताना विचाराला सवडच नव्हती. पैसे देताना ती होती.

आणि चाळीस दिवस देणारेही इथं आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये उल्हासनगरात सिंधी समाजाचा चालिहा असतो. पाच नंबरच्या कॅम्पातल्या चालिया मंदिरात झुलेलालची जी ज्योत तेवते, ती सिंधमधून आणलेली आहे अशी श्रद्धा आहे. व्रत धरणारे चाळीस दिवस केस कापत नाहीत, चामड्याची चप्पल घालत नाहीत, जमिनीवर झोपतात, मांस-मद्याला शिवत नाहीत. एरवी गल्ल्यावरून न हलणारे व्यापारी त्या दिवसांत अनवाणी रांगेत उभे असलेले मी पाहिले आहेत. एका कापड दुकानदाराला मी विचारलं होतं, "जमतं कसं?" तो म्हणाला, "एक्केचाळीसावा दिवस माहीत असतो ना, म्हणून."

ते उत्तर मी विसरलेलो नाही. क्षण देता येतो, दिवस देता येतो, चाळीस दिवसही देता येतात. ज्याचा एक्केचाळीसावा दिवस कधी येणारच नाही, असं काही घरातलं कुणी मागायला लागलं की आपण सगळे ताईसारखे झाकण दाबत बसतो.

उल्हासनगरच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारी साधू वासवानींचा फोटो दिसतो. १८७९ मध्ये सिंधमधल्या हैदराबादला जन्मलेल्या या माणसाला तरुणपणीच घर सोडायचं होतं. आईनं अडवलं. ती जिवंत असेपर्यंत कमावीन, असा शब्द त्यांनी तिला दिला आणि तो पाळला. प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. १९१० मध्ये बर्लिनच्या धर्मपरिषदेला जाऊन आले. पतियाळाच्या महेंद्र कॉलेजचे प्राचार्य असताना आई गेली, आणि चाळिशीच्या त्या माणसानं राजीनामा दिला. पुढे फाळणीनंतर ते पुण्याला आले. १९६६ साली देह ठेवेपर्यंत त्यांनी शाळा आणि दवाखाने यांतच जीव ओतला. ही कथा सांगताना सगळे त्यांच्या मातृभक्तीपाशी थांबतात. माझं मन त्या मधल्या वर्षांपाशी अडतं. खिशात शब्द ठेवून रोज वर्गात जाणारा माणूस मला दिसतो, आणि ऐरोलीच्या लोकलमध्ये उभा असलेला भाचाही.

आईनं अडवलं यात मी दोष पाहत नाही. न विचारता निघून जाण्याची किंमत काय असते, हे आपल्या मराठी माणसांना तर पहिल्यापासून ठाऊक आहे. विठ्ठलपंत रुक्मिणीला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यासी झाले. परंपरा सांगते की गुरूंना खरं कळताच त्यांनी विठ्ठलपंतांना परत धाडलं. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं ही त्या मोडलेल्या संन्यासाची लेकरं. आळंदीनं त्यांना काय भोगायला लावलं, ते सांगायला नको. बायकोच्या होकाराशिवाय घेतलेली भगवी वस्त्रं खुद्द गुरूनं उतरवायला लावली, ही गोष्ट आपल्या वैराग्याच्या कल्पनेच्या मुळाशी आहे आणि असायलाच हवी.

पण मग विचारलं तर? भाच्यानं तर विचारलं होतं. रात्रीतून पळाला नव्हता, चिठ्ठी लिहून गेला नव्हता. आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं सांगितलं होतं.

आणि मी त्याला तुकोबा दाखवले. ते उदाहरण किती अप्रामाणिक होतं, हे मला नंतर टोचत राहिलं. तुकोबा संसारात होते खरे, पण कुठल्या संसारात? वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाचा वाटा तेवढा वेगळा काढून दिला, असं परंपरा सांगते. सावकाराच्या घरानं वसुलीवर पाणी सोडायचं म्हणजे काय, हे हप्ते भरणाऱ्या आपल्याला समजायला हरकत नव्हती. त्या घरातली उपासमार त्यांच्या बायकोनं, जिजाईनं सोसली. आपण तुकोबांचा संसार घेतो आणि ती कर्जखतं विसरतो, कारण तेवढं आपल्या सोयीचं असतं.

भाच्याला कीर्तन शिकायला जायचं होतं त्या आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. स्वतः आजन्म अविवाहित राहिले. चार वर्षांचं शिक्षण, फी नाही, आणि एके काळी विद्यार्थी गावात माधुकरी मागून जेवायचे. तिथं घडलेले कीर्तनकार महाराष्ट्रभर फिरतात. सप्ताहाला आपल्याकडेही येतात, टाळ्या घेतात, पाकीट घेतात. त्यांतल्या अनेकांशी मी बोललो आहे. कुणी बीडकडचा, कुणी परभणीचा, कुणी नगरचा, जवळपास सगळे कोरडवाहू शेतकऱ्यांचे मुलगे. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी, असं आपण म्हणतो. कीर्तनकार महाराजही आपल्याला शेजारच्या घरातलेच हवे असतात, आणि शक्यतो गरीब शेजाऱ्याच्या.

वसईत याच प्रश्नाला दुसरं अंग आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या शेतकरी घरातले. ते धर्मगुरू झाले, 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, हरित वसईसाठी धमक्या झेलत रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. तिकडच्या जुन्या पिढीत भावंडं पुष्कळ असत आणि एखादा मुलगा किंवा मुलगी देवाला देणं हा घराचा मान असे. आता घरात एक नाहीतर दोन मुलं. एकुलत्या एकाला द्यायचं कसं? हा प्रश्न मी कुणाच्या तोंडावर स्वार्थ म्हणून फेकणार नाही. जैन समाजात मात्र आजही भरल्या घरातली तरुण मुलं-मुली दीक्षा घेतात आणि आई-बाप मिरवणुकीत पुढे चालतात. त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही, कोवळ्या वयातली दीक्षा तर मुळीच नाही. तरी हसऱ्या चेहऱ्यानं पोराला पोहोचवायला जाणारी ती आई पाहिली की माझी मान खाली जाते.

भीती खरी आहे, हेही लिहिलं पाहिजे. देवाच्या नावानं माणसं लुबाडणारे, बायका-पोरांना नासवणारे बुवा आपण पाहिले आहेत. त्यांच्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. तो निघाला, पण त्यांचा खून झाल्यानंतर, २०१३ मध्ये. साताऱ्यातला दवाखाना सोडून एका कामाला वाहून घेतलेला हा डॉक्टर देव न मानणारा होता, पण वाहून घेणं म्हणजे काय हे सांगताना त्यांचं नाव मला टाळता येत नाही. मूल बुवाच्या नादी लागेल म्हणून आई-बाप घाबरत असतील तर त्यांनी घाबरावं, चौकशी करावी, चार वेळा आळंदीला जाऊन यावं. मी चौकशी केली नव्हती. मी फक्त थांबवलं होतं.

गेल्या महाशिवरात्रीनंतर, गर्दी ओसरल्यावर, भाचा नि मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ. कडेनं वालधुनी वाहते, पावसाळा सोडला की तिच्याकडे बघवत नाही. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. वर शिखर पुरं नाही, उघडं आभाळ दिसतं. भाचा बराच वेळ वर पाहत होता. बाहेर आल्यावर त्यानं भिंतीवरच्या एका शिल्पावर बोटं टेकवली. नऊशेहून अधिक पावसाळे खाऊन त्याचा चेहरा गेला होता, पण कमरेच्या मेखलेचा एकेक मणी अजून शाबूत होता. "मामा, ज्यानं हे कोरलं त्याला घरचे काय म्हणाले असतील?" त्यानं विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. स्टेशनपर्यंत आम्ही रिक्षानं आलो, आणि रिक्षात तो काहीतरी पुटपुटत होता. हरिपाठ असावा.

बहिणीचं लग्न गेल्या वर्षी झालं. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. भाचा एकादशी धरतो, शनिवारी संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांना पखवाजाचे बोल शिकवतो. त्याच्या लग्नाचं बघणं सुरू करायचं ताईच्या मनात आहे, आणि शब्द टाकायला तिनं मलाच सांगितलं आहे.

या अंकात वाहून घेतलेल्या माणसांवर लेख आहेत. त्या लेखकांना मी एकच विनंती केली होती, की त्या माणसाच्या घरच्यांनाही भेटा. काहींनी ती फार मनापासून पाळली. एका लेखातली कीर्तनकाराची आई वाचून मी प्रुफं बाजूला ठेवली आणि तासभर नुसता बसून राहिलो. 

भाऊबीजेला ताईकडे जायचं आहे. या वेळी ओवाळून झालं की भावोजींना बाल्कनीतून आत बोलावणार आहे, ताईला ओट्यापासून आणून बसवणार आहे, आणि चार वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते भाच्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे, की तुला का जायचं होतं, आणि अजून जायचं आहे का.