जुनी आलिशान गाडी : घेताना स्वस्त, पोसताना नवीच



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. कारण सरळ आहे. ऊसाची बिलं जमा झाली किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला, की आपल्या भागात दोन महिन्यांत चार-पाच मोठ्या गाड्या दिसायला लागतात. नवीन नव्हं, जुन्या. दहा-बारा वर्षं वापरलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी, पजेरो, एंडेव्हर, फॉर्च्युनर. पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "काका, साठ लाखाची गाडी नऊ लाखात मिळतीय, घेऊ का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्यायला हरकत नाही, पण ती नऊ लाखाची गाडी समजून घेऊ नका. ती साठ लाखाचीच गाडी आहे, फक्त पहिल्या मालकानं तिचे एक्कावन्न लाख जिरवलेत. गाडी जुनी होते, तिच्या पार्टची किंमत जुनी होत नाही. तिचा इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्स, हेडलाइट सगळं साठ लाखाच्या गाडीच्याच भावानं येणार. उलट गाडीचं वय झाल्यामुळं ते एकामागून एक लागणार. आपल्याकडं म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसलं काम.

म्हैस घेताना आपण काय करतो? किंमत ठरवायच्या आधी वैरणीचा हिशोब धरतो. पेंड किती, हिरवा चारा किती, भाकड काळात कसं. मग गाडीच्या वेळीच हा हिशोब का सुटतो?

आता गंमत बघा. लँड रोव्हर ही मुळात शेतकऱ्यासाठीच काढलेली गाडी. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर लष्करातली जुनी जीप होती. तिच्यावरून त्यांना ही गाडी सुचली. १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. ट्रॅक्टरसारखा पीटीओ बसवायची सोय होती, म्हंजे त्यावर यंत्रं चालवता यायची. पाटे, साधं इंजिन, पाना-स्क्रू ड्रायव्हरनं उघडणारी गाडी. ज्याच्याकडं जमीन त्याच्याकडं ही गाडी, असा तिचा हेतू.

पुढं १९७० ला रेंज रोव्हर आली आणि गाडी हळूहळू शेतातून बंगल्याकडं वळली. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये हवेचं सस्पेंशन आलं, हँडब्रेक विजेवर चालायला लागला, चारी बाजूनं सेन्सर आले. गाडी बसायला राजेशाही झाली, चिखलातून जायलाही जबरदस्त. पण पाना घेऊन बांधावर बसून दुरुस्त होईल ही गोष्ट गेली. नाव तेच, जात बदलली. हे लक्षात न घेता "लँड रोव्हर म्हंजे दणकट" असं धरून आपण घ्यायला जातो, तिथंच हिशोब चुकतो.

आमच्या पाहुण्यांकडं अशीच एक जुनी डिस्कव्हरी आहे. रात्री शेडमध्ये लावली की सकाळी पुढनं खाली बसलेली. चालू केली की कॉम्प्रेसर घुरघुरतो आणि गाडी वर येते. काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जळाला. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नवीन घातला. तोही वर्षभरात गेला. दुसऱ्या मिस्त्रीनं साबणाचं पाणी मारून बघितलं तर हवेच्या रबरी फुग्यातून बुडबुडे. म्हंजे हवा रात्रभर गळत होती आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर बिचारा मरेपर्यंत चालत होता. दोष फुग्यात, बदलला कॉम्प्रेसर, तोही दोनदा.

हे आपल्याला नवीन आहे का? पान पिवळं पडलं की फेरस मारायचं, आणि खाली मुळीत पाणी साचलंय ते बघायचंच नाही, त्यातला हा प्रकार. कृषी अधिकारी आपल्याला सांगून थकले, लक्षणाला औषध मारू नका, कारण शोधा. जुन्या इलेक्ट्रॉनिक गाडीत तर हे दहापट खरं आहे. नुसती बॅटरी कमजोर झाली तरी तिच्या डॅशबोर्डवर पाच-सहा खोट्या सूचना येतात. आधी बॅटरी तपासायची, मग स्कॅनर, मग पार्ट. उलट्या क्रमानं गेलं की खिसा रिकामा.

काही जण म्हणतात, "आता कंपनी टाटांची झाली, पार्ट स्वस्त मिळतील." टाटांनी २००८ ला फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली हे खरं. पण त्यामुळं डिस्कव्हरीला सुमोचा पार्ट बसत नाही. मालक बदलला म्हणून इंजिन बदलत नाही. त्या गाडीच्या टर्बोच्या कामाला बऱ्याच ठिकाणी सगळी बॉडी चेसिसवरून उचलावी लागते. हे काम तालुक्याच्या गॅरेजमध्ये होणार नाही, शहर गाठावं लागणार.

म्हणून भरवसा या शब्दाचा माझा अर्थ वेगळा आहे. कोणती गाडी बंद पडत नाही, हे विचारू नका. वय झालं की सगळंच बंद पडतं, माणूससुद्धा. बंद पडली तर किती किलोमीटरवर, किती दिवसांत आणि कोणाच्या हातून चालू होते, हे विचारा. गावातल्या जुन्या कमांडर जीपा आजही फिरतात, त्या काय परदेशी तंत्रानं चालतात? नाही. गावातला फिटर त्या डोळे झाकून खोलतो म्हणून चालतात. फॉर्च्युनरला जुनी झाली तरी भाव का टिकतो? एक तर गाडी दमदार, आणि दुसरं, जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं काम जाणणारा माणूस आणि पार्ट मिळतो. फोर्डनं २०२१ ला भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, त्याच दिवशी एंडेव्हर घेणाऱ्यानं हा प्रश्न नव्यानं विचारायला पाहिजे होता. गाडी वाईट झाली नाही, पण तिच्या मागं उभं राहणारं घर लहान झालं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल काका उगाच भीती घालतात. ज्यांनी वेळच्या वेळी काम केलंय त्यांच्या पंधरा वर्षांच्या डिस्कव्हरी आणि पजेरो चांगल्या पळतायत. त्या लोकांत एक गोष्ट सारखी आहे. ते बिघाडाची वाट बघत नाहीत. आपण ट्रॅक्टरला तास मोजून ऑइल बदलतो, तीच सवय. फरक एवढाच की जुन्या गाडीला किलोमीटरपेक्षा वर्षं मोजावी लागतात, कारण रबर, पाइप, ऑइल हे उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

ज्यांच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे, त्यांच्यासाठी शेतातल्या वापराच्या काही नोंदी.

१) रेडिएटरला बोअरचं पाणी घालू नका. ज्या क्षारानं आपल्या ठिबकच्या नळ्या चोंदतात, तेच क्षार रेडिएटरमध्ये बसतात. ठिबकला ॲसिड मारून साफ करता येतं, तसं इंजिनला करता येत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीनं सांगितलेला कूलंटच. जुन्या गाडीत प्लॅस्टिकचे जोड तडकतात, दर महिन्याला टाकीची पातळी बघा. पातळी उतरली म्हंजे कुठंतरी गळती आहे, नुसतं भरत राहू नका.

२) ट्रॅक्टरच्या बॅरलमधलं डिझेल या गाडीत ओतू नका. बॅरलमध्ये रात्रीच्या गारव्यानं पाणी धरतं, तळाला गाळ असतो. जुनं ट्रॅक्टर इंजिन ते एकवेळ सोसतं. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर फार बारीक, ते सोसत नाहीत. डिझेल फिल्टर वेळेत बदला, त्यातलं पाणी सोडायचा नट असेल तर सोडत जा.

३) टायमिंग बेल्ट. डिस्कव्हरीच्या २.७ लिटर डिझेलला पुढं टायमिंगचा आणि मागं डिझेल पंपाचा, असे दोन बेल्ट आहेत. बरेच जण पुढचा बदलतात आणि मागचा विसरतात. जुन्या तीन लिटर फॉर्च्युनरलाही बेल्टच आहे, २०१६ पासूनच्या २.८ ला चेन आली. बेल्टला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही. बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललाच नाही असं धरा. बेल्ट तुटला की इंजिन आतून जातं.

४) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि तरी बदला. डिस्कव्हरीतला गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते.

५) फोर-व्हील. ज्या गाडीत ते हातानं घालायचं आहे, त्यात महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर घालून थोडं चालवा, म्हंजे जाम होत नाही. कोरड्या डांबरीवर घालू नका. ज्यात ते कायम चालू असतं, त्यात चारी टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत. ओढ्यातून खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं ऑइल बघा. दुधट दिसलं की पाणी शिरलंय.

६) खताची पोती या गाडीतून आणू नका. युरिया, पोटॅश सांडलं की ओल धरतं आणि पत्रा खातं. पावसाळा संपला की चेसिसमधला चिखल पाण्यानं नीट काढा.

७) उंदीर. शेडमध्ये वैरण, धान्य आणि गाडी एकत्र नको. आठ दिवस उभी राहिली की बॉनेट उघडून बघा. कुरतडलेली वायर दिसायला एवढीशी, पण ती शोधायला मिस्त्रीचे चार दिवस जातात.

८) टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हंजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

आणि जे अजून घ्यायचा विचार करतायत त्यांनी आधी कागद बघा, मग रंग. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या कमी भावात इकडं येतात. त्यात एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरल्यावर भाव किती उरतो ते आधी मांडा. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरण लागतं. २०२२ पासून साध्या कारला त्याची फी ५ हजार आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार. वीस वर्षांवरच्या गाड्यांची २०२५ मध्ये आणखी वाढली. मीटरवर विश्वास ठेवू नका, चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढा. मीटर ६० हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबर खरं बोलतंय. गाडी बघायला सकाळी जा, विकणाऱ्याला आधी चालू करू देऊ नका. थंड इंजिन लपवत नाही.

माझा एक ठोकताळा आहे, पटला तर घ्या. गाडीची जी किंमत ठरेल, तिचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बँकेत वेगळा ठेवा. नऊ लाखाची गाडी असेल तर तीन लाख. ते ठेवून घर आणि शेती सुरळीत चालत असेल तर खुशाल घ्या, मनापासून चालवा. हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं. जन्मभर बैलगाडीत आणि टेम्पोत बसलेल्या आई-बापाला मोठ्या गाडीतून पंढरपूरला न्यावं वाटलं तर त्यात चूक काहीच नाही.

पण ते तीन लाख ठेवायला जमत नसतील तर समजा की ती गाडी आपली नाही. पाहुण्यांच्या दोन कॉम्प्रेसरच्या आणि त्यामागच्या कामाच्या पैशात त्यांच्या दोन एकराचं ठिबक झालं असतं. ते ठिबक अजून झालेलं नाही. जमिनीचा मोबदला एकदाच येतो, जमीन परत येत नाही. त्या पैशातून जे उभं राहील ते दरवर्षी काहीतरी देणारं असावं, निदान दरवर्षी मागणारं तरी नसावं.

कोणाकडं जुनी डिस्कव्हरी, पजेरो, एंडेव्हर चांगली चालत असेल तर काय-काय काम केलं आणि कोणत्या वर्षी केलं ते खाली लिहा. चांगला मिस्त्री माहीत असेल तर कोणत्या तालुक्यात तेही सांगा. दुसऱ्याचा फेरा वाचेल.

#बांधावरच्या_नोंदी