समुद्राचा विषय 'भारतीय' की 'जागतिक'? परदेशी शिष्यवृत्तीच्या निमित्ताने

काही दिवसांपूर्वी बोईसरच्या वस्तीतील एक मुलगी आपला संशोधन प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आली. राज्यशास्त्रात एम.ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपसाठी अर्ज करायचा होता. "ताई, जरा वाचून बघा," म्हणाली. विषय होता हिंदी महासागरातील भारत-चीन स्पर्धा. हंबनटोटा, ग्वादर, जिबूती, 'मोत्यांची माळ', भारताचे 'सागर' धोरण, सगळे त्यात होते. इंग्रजीही चांगले होते. फक्त वीस पानांत एकही माणूस नव्हता.

"हाच विषय का घेतलास?" असे विचारले, तर तिने सरळ सांगितले, "भारतावरचा विषय चालत नाही ना, ताई."

तिचे म्हणणे खरे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने या शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कारण असे दिले की या विषयांचे साहित्य आणि तज्ज्ञ आपल्याच देशात भरपूर आहेत. वर्षाला जेमतेम सव्वाशे जागा, त्यातल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी, आणि त्याच मुलांना सांगायचे की बाहेर जा, पण आपल्या समाजाविषयी बोलू नका. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो निबंध बसला नसता. हा नियम चुकीचा आहे आणि तो मागे घ्यावा ही मागणी आपण सोडता कामा नये.

पण नियम मागे घेतला जाईपर्यंत अर्ज करणाऱ्या मुलांचे काय? बरीच मुले नाइलाजाने 'जागतिक राजकारण' निवडतात. मग दिल्लीतील निवृत्त नौदल अधिकारी जे लिहितात तेच पुन्हा लिहितात, थोडे कमी आत्मविश्वासाने. मला वाटते इथेच आपली चूक होते. समुद्र हा असा विषय आहे की तिथे 'भारतीय' आणि 'जागतिक' ही वाटणी टिकतच नाही. त्याचा पुरावा शोधायला बोईसरहून फार लांब जावे लागत नाही.

डहाणू, तलासरीच्या पाड्यांवरून दरवर्षी पावसाळा सरला की आदिवासी तरुण गुजरातला जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. बोट मालकाची, डिझेल मालकाचे, दिशा ठरवणार तांडेल. जाळे ओढायचे आणि मासळी निवडायची ती यांनी. कच्छच्या समुद्रात या बोटी पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात आणि बोटीवरचे सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. हा २००८ चा करार आहे, आणि युद्धाची भाषा सुरू असतानाही तो पाळला जातो. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानकडे २१७ भारतीय मच्छीमार होते, भारताकडे ८१ पाकिस्तानी.

ही माणसे सीमा ओलांडतात म्हणजे नेमके काय ओलांडतात? समुद्रात तिथे दोन्ही देशांनी मान्य केलेली रेषाच नाही. मूळ भांडण सर क्रीकचे आहे. कच्छ आणि सिंध यांच्यामधली सुमारे ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी. १९१४ साली मुंबई सरकारने कच्छचे संस्थान आणि सिंध यांच्यातील वाद मिटवणारा ठराव केला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या ठरावाचा आधार घेऊन पाकिस्तान म्हणतो की सीमा खाडीच्या पूर्व काठावर आहे. भारत म्हणतो की ती खाडीच्या मध्यातून जाते. जमिनीवरचा शेवटचा बिंदू ठरत नाही म्हणून समुद्रातली रेषा ठरत नाही. रेषा कुठे पडते यावर किती सागरी क्षेत्र कुणाचे हे ठरणार असल्यामुळे कोणी मागे हटत नाही. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुजमध्ये पाकिस्तानला इशारा दिला की सर क्रीकमध्ये आगळीक केल्यास इतिहास आणि भूगोल दोन्ही बदलतील. वाहिन्यांवर दोन दिवस नकाशे झळकले. खलाशांचा उल्लेख मला तरी कुठे ऐकू आला नाही.

आता कायद्याचे बघा. संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा १९८२ चा. भारताने तो १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला. त्याचे कलम ७३ सांगते की आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, मासेमारीचा नियम मोडला म्हणून परक्या मच्छीमाराला तुरुंगवास देता येत नाही. दोन देशांनी तसे ठरवले असेल तरच देता येतो. मग शेकडो माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात कशी? कारण त्यांच्यावर परकीय नागरिकांच्या प्रवेशाचे किंवा प्रादेशिक समुद्रात, म्हणजे पहिल्या बारा मैलांत, घुसल्याचे गुन्हे लावले जातात. भारतही पाकिस्तानी मच्छीमारांशी फार वेगळे वागत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. शिक्षा संपली तरी राष्ट्रीयत्वाची पडताळणी होईपर्यंत सुटका नाही. ज्या पाड्यावर जन्माचा दाखलाच उशिरा मिळतो तिथल्या माणसाची पडताळणी किती वेळ घेईल? दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती तुरुंगांना भेटी देत असे. २०१३ नंतर तिचे काम थांबलेले आहे. तुरुंगात मेलेल्या खलाशाचा मृतदेह गावी यायला आठवडे जातात.

यातले बहुतेक प्रश्न अजून कोणी नीट विचारलेले नाहीत. बोट गुजरातची आणि माणूस महाराष्ट्राचा असेल तर मागे राहिलेल्या घराला मदत कोणी द्यायची? पकडलेल्या बोटीवर तांडेल कोण, खलाशी कोण, त्यांची जात-जमात कोणती, उचल किती घेतली होती, तुरुंगातल्या वर्षांत ती उचल कोणी फेडली? हा समाजशास्त्राचा विषय आहे आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचाही. पाल्कच्या सामुद्रधुनीत तामिळ मच्छीमार आणि श्रीलंकेचे नौदल यांच्यात हेच चालू आहे. तिथे तर सागरी सीमा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे, तरी अटका थांबत नाहीत. म्हणजे नुसती रेषा आखून प्रश्न सुटतो असेही नाही. या दोन समुद्रांची तुलना हा एका पीएच.डी.चा ऐवज आहे.

मोठ्या जहाजांवरची गोष्टही अशीच आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हूथींनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडले आणि युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर याच वाटेने रॉटरडॅमला जातात, म्हणून इथल्या वर्तमानपत्रांत निर्यातदारांची अडचण छापून आली. सुरगाणा, पेठहून द्राक्षबागांत येणाऱ्या मजुरांच्या हंगामावर त्याचा काय परिणाम झाला, हे कोणी मोजले नाही. त्या जहाजावरचे पंचवीस कर्मचारी जानेवारी २०२५ मध्ये सुटले. त्यांच्यात फिलिपिन्स, मेक्सिको, बल्गेरिया, रोमानिया, युक्रेनचे लोक होते. ज्या देशांचे भांडण होते त्यांच्यापैकी एकाचेही नाहीत.

भारतीय खलाशांच्या वाट्याला आणखी एक संकट येते. मालक पैसे बुडवतो, जहाज कुठल्या तरी बंदराबाहेर नांगरून देतो आणि गायब होतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये अशा ३१२ जहाजांवर ३,१३३ जण अडकले होते. सर्वांत जास्त भारतीय, ८९९. दोन महिन्यांचा पगार थकला तरी जहाज 'सोडून दिलेले' मानता येते आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार मिळू शकतो, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? आपल्या वस्त्यांतून सीडीसी काढून देतो म्हणणारे एजंट फिरतात, लाखांत पैसे घेतात. नोंदणीकृत एजंट कोण आणि बोगस कोण हे घरच्यांना कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याची खलाशाच्या बाजूने चिकित्सा मराठीत झालेली मी तरी वाचलेली नाही.

वाढवण बंदराविषयी आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ७६,२२० कोटींचा प्रकल्प. समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची. पण जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा सरकारी निवेदनात भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरचा उल्लेख होता, हे लक्षात ठेवा. डहाणूच्या कोळी, मांगेला, वारली माणसांचा प्रश्न तेव्हाच दिल्लीतल्या जी-२० परिषदेशी जोडला गेला होता. आंदोलन मात्र अजून पर्यावरण आणि विस्थापन याच दोन शब्दांत अडकले आहे.

मी एम.ए. करत असताना एका सरांनी मला म्हटले होते, "तुम्ही तुमच्या विषयावर करा ना, त्यात तुम्हाला अनुभव आहे." हेतू वाईट नव्हता. पण 'तुमचा विषय' म्हणजे वस्ती, आरक्षण, अत्याचार, जग इतरांचे. एका बाजूने असे म्हणणारे सर आणि दुसऱ्या बाजूने भारताबद्दल बोलू नका म्हणणारा नियम, यांच्यामध्ये आपली मुले सापडतात. बाबासाहेबांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर केलेले भाषण काढून वाचा. तिबेट, आग्नेय आशियाचा लष्करी करार, गोवा. त्यांच्या मतांशी आज कोणी असहमत होऊ शकेल, मीही सगळीकडे सहमत नाही. पण हा विषय आपला नाही, असा संकोच त्या भाषणात कुठेही नाही.

सामग्रीची अडचण वाटते तेवढी नाही. सोडून दिलेल्या जहाजांची नोंदवही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेचा सागरी वाहतुकीवरचा अहवाल दरवर्षी फुकट मिळतो. संसदेतील प्रश्नोत्तरांत कैद्यांचे आकडे सापडतात. मुंबई सरकारचे जुने दप्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. आणि पाड्यावरच्या मुलाखती दिल्लीत बसून करता येत नाहीत. तिथे आपली मुले पुढे आहेत. एक सावधगिरी मात्र हवी: ज्याचा माणूस तुरुंगात आहे त्या घराचे नाव, बोटीचा नंबर, पत्र हे सगळे प्रबंधात छापून टाकायचे नसते.

त्या मुलीने प्रस्ताव पुन्हा लिहिला. चीन एका परिच्छेदात आला. विषय आता असा आहे: अनिर्णित सागरी सीमा, कलम ७३ आणि मच्छीमारांची अटक, सर क्रीक व पाल्क सामुद्रधुनीचा तुलनात्मक अभ्यास. शिष्यवृत्ती समिती याला भारतावरील सामाजिक अभ्यास म्हणून बाजूला ठेवील का, असे तिने मला विचारले. ठेवूही शकते. म्हणून आम्ही शीर्षकात पाकिस्तान आणि श्रीलंका आधी लिहिले आहे. येत्या रविवारी ती तलासरीला जाणार आहे, सोबत वारली बोलणारी एक मैत्रीण असेल.