शिष्यवृत्तीचा पैसा : कॉलेजचा किती, मुलाचा किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात घराघरात प्रश्न उभा राहतो, फीचे काय? मग कोणी गळ्यातले मोडतो, कोणी व्याजाने पैसे उचलतो. आमच्याकडे फॉर्म भरायला येणारे कित्येक पालक हे सारे करून झाल्यावर येतात. हक्काची शिष्यवृत्ती असताना सावकाराचे दार का धरावे?

ही शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिना साडेअकरा पौंडांत राहणे, खाणे आणि पुस्तके भागवून ते शिकले. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आजची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अकरावी, आयटीआय, डिप्लोमापासून पदवीच्या पुढेपर्यंत ती मिळते.

आता व्यवहाराचे बोलू. २०२१ च्या नियमांप्रमाणे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. शिष्यवृत्तीचे दोन भाग असतात. एक कॉलेजची फी आणि दुसरा मुलाचा निर्वाह भत्ता. अकरावी-बारावी, आयटीआय, डिप्लोमासाठी वर्षाला भत्ता घरी राहणाऱ्यास २,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ४,००० रुपये. साध्या पदवीसाठी हेच आकडे ३,००० आणि ६,०००. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पदवीसाठी ७,००० आणि १३,५००.

इथेच आपली माणसे फसतात. नव्या नियमांत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. खात्यात एकदम तीस हजार दिसले की घरची अडलेली कामे आठवतात. छप्पर गळत असते, आजीचे औषध असते, बहिणीचे लग्न ठरलेले असते. पैसा तिकडे जातो आणि वर्षअखेरीस कॉलेज फी मागते. अशा मुलांची गुणपत्रिका अडलेली आम्ही पाहिली आहे. एका मुलीचे पुढचे वर्ष त्यापायी गेले. आईबापांनी पैसा उधळला नव्हता, घरीच लावला होता. पण तो त्यांचा नव्हता. म्हणून पैसा जमा होताच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फीचा आकडा विचारा, तेवढी रक्कम भरा आणि पावती जपून ठेवा. उरेल तो मुलाचा, पुस्तकांसाठी आणि बसच्या पाससाठी.

फॉर्म महाडीबीटीवर भरायचा असतो आणि दरवर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले, असे नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून निकालाच्या आधीच काढा, कारण निकालानंतर रांग लांबते. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा. मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. बँक खाते मुलाच्याच नावाचे आणि आधारला जोडलेले हवे. दोन खाती असतील तर आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत विचारा. पैसा तिथेच जातो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना एक गोष्ट विसरू नका. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. शासनाच्या प्रवेश फेरीतूनच जावे लागते. एजंट हे सांगणार नाही.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तरी निराश होऊ नका. शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या माफीसाठी फ्रीशिपची वेगळी योजना आहे. फक्त भत्ता मिळत नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्या निर्णयाप्रमाणे मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. तिला उत्पन्नाची आणि गुणांची अट असते.

पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी घेऊ नये, असे शासनाने कॉलेजांना वेळोवेळी बजावले आहे. तरी कोणी अडवले तर भांडू नका, रडूही नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, कॉलेजचा शिक्का घेऊन पोच घ्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात द्या. आम्ही कारकुनी करतो, म्हणून सांगतो : तोंडी तक्रार हवेत जाते, पोच असलेला कागद फायलीत जातो.

वस्तीत एक तरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांनी येत्या रविवारी विहारात दोन तास बसून शेजारच्या पाच मुलांचे फॉर्म भरून द्यावेत. एवढे केले तरी पाच घरांचे दागिने घरातच राहतील.

जयभीम!