नवरदेव जरा डुलतो, एवढंच!

आपल्याकडे पत्रिका पाहणाऱ्यांना लोक हसतात. पण पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनची लग्नं जुळवणारे अमेरिकन आणि इंग्रज शौकीन पाहिले, की आपले जोशीबुवा अगदीच कच्चे वाटू लागतात. हा अजगर म्हणजे चार-साडेचार फुटांचा लाजाळू गृहस्थ. घाबरला की वेटोळं करून चेंडू होतो, म्हणून हे नाव. त्याच्या रंगासाठी मंडळी कागदावर चौकोन आखून हिशेब मांडतात. पायबाल्डचा, म्हणजे पांढऱ्या ठिगळांचा गुण दबलेला. तो पोरांच्या अंगावर दिसायला आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. दोघं नुसते वाहक असले, तर दर अंड्यामागे शक्यता चारात एक. आणि मादी अंडी घालणार जेमतेम पाच-सहा! दोन महिने उबवून सगळी पोरं साधीच निघाली, तरी बोलायची सोय नाही.

इथवर माझी काही तक्रार नाही. हौसेला मोल नसतं, आणि चार ठिगळांनी अजगराचं काही बिघडत नाही. माझं भांडण आहे ते 'स्पायडर' नावाच्या स्थळाशी. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी. गुण असा जबरदस्त, की एकाच पालकाकडून आला तरी सरासरी निम्म्या पोरांत उतरतो. हे १९९९ साली कळलं, आणि स्थळाला मागण्या सुरू झाल्या. पेस्टलशी लग्न लावलं की पोटी 'बंबलबी' येणार! फक्त एक बारीकशी गोष्ट: नवरदेव जरा डुलतो. मान थरथरते, भक्ष्यावरची झडप चुकते, कधी बिचारा उताणा होऊन आढ्याकडे पाहत राहतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीटी स्कॅन करून पाहिलं, तेव्हा या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे जिथून तोल सांभाळला जातो त्या भागाची, घडणच बिघडलेली दिसली.

यावर वरपक्षाचं उत्तर ठरलेलं. "अहो, खातो-पितो, पोरंही होतात. मग त्रास कसला?" वा! खाणं-पिणं आणि पोरं होणं हाच सुखाचा दाखला असेल, तर संधिवाताने जिन्यावर बसकण मारणारे आमचे सगळे शेजारी परमसुखी म्हणायचे. ते निदान कण्हतात तरी. सापाला कण्हता येत नाही, म्हणून तो मजेत आहे असं ठरवणं हे मालकाच्या सोयीचं, सापाच्या नव्हे.

दुसरं उत्तर जरा हुशारीचं: "कमी डुलणारे निवडून जोड्या लावू." लावा की! पण नक्षी आणि डुलणं हे एकाच गुणाचे दोन हात आहेत. जाळं हवं असेल तर डुलणं हुंड्यात येणारच. बाप जेमतेम मान हलवणारा आणि पोर गरगर फिरणारं, असे दाखले ही हौशी मंडळीच देतात. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने २०१८ पासून आपल्या मेळ्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली, ती उगाच नव्हे.

रंगच हवेत ना? पेस्टल आहे, क्लाऊन आहे, पायबाल्ड आहे. स्थळांना काय तोटा? पण जोडी लावताना पहिला प्रश्न 'पोरं दिसतील कशी' हा नसावा, 'जगतील कशी' हा असावा. सापाची चाल वाकडी असते हे खरं. पण ती किती वाकडी असावी, हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.