सल्ल्याचाही बाजार?

बारावीनंतर काय, हा प्रश्न वऱ्हाडातील शेतमजुराच्या मुलीला पडतो, तेव्हा उत्तर देते कोण? अकोल्यातील शिकवणी वर्गांचे फलक! फलकाला वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोनच वाटा ठाऊक. कारण त्यांवरच त्याचा गल्ला भरतो. कोठारी आयोगाने १९६६ साली मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले. २०१६ साली राज्याने दहावीसाठी कलचाचणी आरंभली. कल कागदावर उमटला. पण तो घेऊन पालकांशी बोलणारा माणूस कोठे होता? ज्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभारली, तेथे आता वाट विचारण्याचेही दाम मोजावे काय? अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील अभ्यासक्रम, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांची वार्ता कापूस वेचणाऱ्या घरी मुदतीपूर्वी पोचविणार कोण? सल्ला ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्हा परिषदांपुढे एकच मागणी लावून धरावी: दहा शाळांमागे एक समुपदेशक; प्रशिक्षित, पगारी आणि कायम.