मोबाईलवरची उधारी आणि कोर्ट

उधारी आता वहीऐवजी मोबाईलवर चालते. ऑर्डर, मालाची पोच, पैशाचा वायदा, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. वाद कोर्टात गेला की व्यापारी नुसती छापील प्रत घेऊन उभा राहतो. ती पुरत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले: मालकाने मूळ उपकरण स्वतः साक्षीत हजर करावे, नाहीतर प्रमाणपत्र जोडावे. नियम रास्त आहे; छापील मजकूर कोणीही बदलू शकतो. पण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते. खेड्यातल्या दुकानदाराने तज्ज्ञ आणावा कोठून? ही सोय व्यापारी संघटनांनीच करायला हवी. तोवर, वसुली होईपर्यंत जुना फोन विकू नका आणि एकही मेसेज पुसू नका.